जांभळा, बॅच चौतीस

रबाळे एमआयडीसीतल्या पत्र्याच्या गाळ्यात
मी चारी भिंती राखाडी रंगवून घेतल्यात.
लोक विचारतात, सुतक आहे का?
भिंत लाल असली की फोटोही जरा लाल वाटतो,
डोळा शेजाऱ्याचं फार ऐकतो.

दर सोमवारी पडद्यावर कोळ्यासारखं यंत्र लटकवते.
ते एकेक रंग चाटून सांगतं
पडदा कुठे किती खोटं बोलतोय.
त्या खोट्याची फाईल होते.
फाईल लावली की खोटं वजा.

गावंडकाका आले काळा चष्मा लावून,
पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डावा दिवाळीनंतर.
"अठ्ठावीस वर्षं शेड मॅचर होतो,
ठाणे-बेलापूर रोडला, रंगाच्या कंपनीत.
मला थापा मारू नकोस."

फोटो एकच. जुन्या स्लाइडवरून स्कॅन केलेला.
कंपनीमागचा नाला, सत्याऐंशी साल.
काठावर म्हैस, घोटाभर पाण्यात एक पोरगा,
आणि पाणी जांभळं.
जांभूळ खाल्लेल्या जिभेचं नाही, वांग्याचंही नाही.
पडद्यावर ते पाणी पेटलं होतं.

मी म्हटलं, काका, पडदा उजेड फेकतो,
कागद आलेला उजेड परत करतो,
आणि परत करताना थोडा ठेवून घेतो.
आठ शाया आहेत माझ्याकडे,
पण हा जांभळा त्यांच्या कुंपणाबाहेरचा.
बघा, म्हटलं, आणि ते बटण दाबलं
ज्याने न छापता येणारं सगळं राखाडी होतं.

अख्खा नाला राखाडी झाला.
म्हैस होती तशी. पोरगा होता तसा.
काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोन रस्ते आहेत, मी सांगत राहिले
(गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला मी घाबरते),
एक तर सगळेच रंग थोडे थोडे आत सरकवायचे,
म्हणजे कुणाला कळत नाही कुणाचं काय गेलं,
नाहीतर जो बाहेर आहे तेवढाच ओढून
कुंपणाला टेकवायचा.

"तोच ओढ," म्हणाले. "म्हशीला हात लावू नकोस."

मॅट कागदावर प्रिंट काढली. वाळू दिली.
त्यांनी ती ट्यूबखाली धरली, उजवा डोळा झाकला, मग डावा.
मग बाहेर, टेम्पोच्या सावलीतून उन्हात, पुन्हा तसंच.
"डावा म्हणतो, पास. उजवा म्हणतो, निळा कमी पडला."
जरा थांबून, "शेवटची चार-पाच वर्षं
मी दोन्ही डोळ्यांनी डाव्यासारखंच बघत असणार.
किती बॅचा सोडल्या असतील, देव जाणे."

हा रंग कुठला, मी विचारलं.
"बॅच चौतीस. मीच नापास केली होती.
शेड हद्दीत बसत नव्हती.
हद्दीत न बसलेलं आम्ही रात्री नाल्यात सोडायचो.
सकाळी गोठिवलीच्या बायका पाणी बघून सांगायच्या
कंपनीत काल काय चुकलं."

आणि हा मुलगा?
"पाय धुतोय," म्हणाले.

पैसे काढता काढता पुन्हा पडद्याकडे बघितलं.
"तो दे. मघाचा. राखाडी नाल्याचा."
काका, तो फोटो नाही, ती नुसती सूचना आहे,
मशीन फक्त मला सांगतं, कागदावर उतरवत नाही.
"तू उतरव."

मग पडद्याचाच फोटो घेतला, कापला, छापला.
सगळी शिस्त मोडून, कुठलीही फाईल न लावता.
त्यांनी एक डोळा झाकला. दुसरा झाकला.
उन्हात गेले नाहीत.
"हा दोघांनाही पटतोय," म्हणाले,
आणि शाई ओली असतानाच गुंडाळू लागले.
मी म्हटलं, थांबा, पाच मिनिटं. डाग पडेल.

ते थांबले. स्टुलावर, हात मांडीवर पालथे ठेवून.
नखांच्या कडेला काही आहे का, मी बघत होते.
काही नव्हतं. किंवा माझ्या ट्यूबखाली दिसत नव्हतं.